जड पाईप म्हणजे चांगला पाईप?

पाईप घेताना आपल्याकडे आधी तो उचलून पाहतात. हाताला जड लागला की माल चांगला, हलका लागला की कंपनीनं हात आखडता घेतला, असा हिशेब. जळगाव जिल्ह्यात तो जास्तच ऐकू येतो, कारण इथं पाईप घेणाराही घरचा आणि बनवणाराही. भवरलाल जैन यांच्या उद्योगानं १९८०च्या सुमारास पीव्हीसी पाईप काढायला सुरुवात केली, पुढं ठिबक आलं, गाडेगावला सुप्रीम कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि बरेच लहानमोठे कारखानदार या धंद्यात उतरले. अशा कारखान्यात मशीनच्या तोंडाशी व्हर्निअर आणि वही घेऊन एक माणूस उभा असतो. सगळे त्याला ‘क्यूसीवाला’, म्हणजे क्वालिटी कंट्रोलवाला, म्हणतात. वजनाचा हा हिशेब तो उलटा मांडतो.

पीव्हीसीची घनता घन सेंटिमीटरला १.४ ग्रॅमच्या आसपास असते, तर कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीच्या भुकटीची, सुमारे २.७. ही भुकटी रेझिनपेक्षा खूप स्वस्त. थोडी घालणं रीतसरच आहे, पण हात सैल सुटला की पाईप स्वस्त होतो, वजनदार होतो आणि ठिसूळही होतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाईपचं भारतीय मानक, आयएस ४९८५, घनतेला खालची मर्यादा घालतं तशी वरचीही घालतं: १.४० ते १.४६. त्याच मापाचा, त्याच जाडीचा एक पाईप दुसऱ्यापेक्षा जड भरला, तर क्यूसीवाला खूश होत नाही. तो तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतो.

मग जाडी तरी पाहावी की नाही? पाहावी, पण एका जागी पाहून भागत नाही. एक्स्ट्रूडरची, म्हणजे पाईप काढणाऱ्या मशीनची, डाय (साचा) जराशी सरकली की पाईपची एक बाजू जाड निघते आणि समोरची पातळ. सरासरी काढली तर सगळं ठीक दिसतं. पाण्याचा दाब मात्र सरासरी पाहत नाही, तो पातळ जागीच फाडतो. म्हणून पाईप फिरवून फिरवून चार-सहा जागी जाडी घ्यायची आणि त्यातली सर्वांत कमी जाडी धरायची. शिवाय पाईपचा बाहेरचा व्यास ठरलेला असतो. फाजील जाडी आतल्या बाजूला जाते आणि पाण्याची वाटच अरुंद करते.

‘क्यूसीवाला नगन् नग तपासतो’

हा समज सर्वांत पक्का, आणि कारखान्याच्या जाहिरातीही तो दूर करत नाहीत. पण नगन् नग तपासता का येत नाही ते पाहा. भुसावळजवळच्या वरणगावला लहान शस्त्रांच्या गोळ्या बनवणारा सरकारी कारखाना आहे. गोळी उडते की नाही याची खात्री करायची तर ती उडवूनच पाहावी लागते. प्रत्येक गोळीची अशी खात्री केली तर सैन्याला पाठवायला उरणार फक्त पितळी केसेस. पाईपचंही तसंच. दाबाच्या चाचणीत नमुना २७ अंश तापमानाला तासभर, त्याच्या कामाच्या दाबाच्या चौपटीहून अधिक दाबाखाली ठेवतात. आघाताच्या चाचणीत पाईप शून्य अंशाला गार करून त्यावर वजन सोडतात. मे महिन्यात ४५ अंशांत भाजणाऱ्या जळगावात शून्य अंशाची काळजी कशाला, असं वाटेल. पण प्लास्टिक थंडीतच ठिसूळ होतं. तिथं टिकलं तर इतर दिवसांत कुदळीचा चुकार घावही बहुधा सोसतं. तपासलेला नमुना भंगारात जातो.

मग उरतं ते नमुन्यावरून अख्ख्या लॉटचा अंदाज बांधणं. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्याला पाठ आहे, पण भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. लॉटमध्ये रात्रपाळी आणि दिवसपाळी असते, मध्येच गेलेली वीज असते, बदललेली कच्च्या मालाची गोणी असते. वरचे, हाताशी आलेले पाईप उचलले तर अंदाज फसतोच. म्हणून नमुना कसा आणि किती उचलायचा याचंही वेगळं मानक आहे, आयएस २५००.

आकड्यात पाहा. लॉटमध्ये शंभरात २ नग खराब आहेत असं धरा. कुठलाही भेद न करता ५० नग उचलले, तर त्यांत एकही खराब न सापडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के. १५० उचलले तर ती ५ टक्क्यांच्या आत येते. आणि गंमत अशी की लॉट ५ हजारांचा असो की ५० हजारांचा, हे आकडे जवळपास तेच राहतात. खात्री मिळते ती किती नग उचलले यावरून. लॉटच्या किती टक्के उचलले याला फारसा अर्थ नाही. ‘दहा टक्के माल तपासला’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर लॉट केवढा होता ते विचारावं. वीस नगांच्या लॉटचे दहा टक्के म्हणजे दोन नग.

‘आयएसआय मार्क आहे, म्हणजे सरकारनं तपासलाय’

भारतीय मानक संस्थेचा माणूस प्रत्येक पाईपवर शिक्का मारायला बसलेला नसतो. १९४७ साली स्थापन झालेली ती संस्था १९८७ मध्ये भारतीय मानक ब्युरो झाली. आयएसआय हे नाव चिन्हावर तेवढं राहिलं. ब्युरो कारखान्याला परवाना देतो. कोणती चाचणी किती वेळानं करायची याचं वेळापत्रक त्यासोबत बांधून देतो. त्या चाचण्या कारखान्याच्याच प्रयोगशाळेत कारखान्याचाच क्यूसीवाला करतो आणि नोंदी ठेवतो. ब्युरोचे अधिकारी मधूनमधून येतात, नमुने नेतात, बाजारातूनही उचलतात. मालाची जबाबदारी मात्र शेवटपर्यंत कारखानदाराचीच. चिन्हासोबत सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो, आणि तो चालू आहे की नाही हे ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर कुणालाही पाहता येतं. ठिबकच्या अनुदानासाठी हे चिन्ह लागतं म्हणून शेतकरी चिन्ह बघतो; क्रमांक तपासणारे थोडे.

‘कसलेल्या डोळ्याला यंत्र कशाला?’

धुळे जिल्ह्यात हा वाद मिरचीवरून घालता येईल. दोंडाईचाची मिरची नावाजलेली. रंग पाहून, हातात चुरगाळून, ठसका घेऊन प्रत सांगणारे व्यापारी तिथं आहेत, आणि त्यांचं सांगणं सहसा चुकत नाही. पण लाल म्हणजे चांगली, इथं डोळा फसू शकतो. मे २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून आलेल्या मिरचीत सुदान-१ हा कापड-मेण रंगवायचा, खाण्यात बंदी असलेला रंग सापडला. पुढं फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच मिरचीपायी शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून मागं घ्यावे लागले. तो रंग डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला फक्त छान लाल मिरची दिसते. वजन वाढवायला पाणी मारलेल्या मिरचीत किंवा ओलसर शेंगदाण्यात बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते अब्जात काही भाग या मापात मोजायचं असतं आणि तिथं जीभ, नाक, अनुभव सगळेच निकामी.

तरी अनुभवाला मोडीत काढू नये. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर रुईचा झुबका चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगतो आणि ती यंत्राच्या जवळपास येते. ओलाव्याला मात्र तो मीटरच लावतो, कारण हमीभाव ८ टक्के ओलाव्याला धरलेला असतो, पुढं कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल परत जातो. भावाचा प्रश्न आला की ‘मला वाटतं’ चालत नाही, शेतकऱ्याच्या बाजूनंही नाही.

‘क्यूसी म्हणजे उत्पादनाला अडथळा’

हे बाहेरचे कमी आणि कारखान्यातलेच जास्त म्हणतात. लॉटवर ‘होल्ड’चं लेबल लावलं की शिफ्टचा आकडा घसरतो, मग भांडण ठरलेलं. खरं तर चांगला क्यूसीवाला लॉट तयार होईपर्यंत थांबतच नाही. दर तासाला घेतलेली जाडी तो आलेखावर मांडतो. सगळे ठिपके मर्यादेत असूनही सलग सात-आठ ठिपके एकाच दिशेनं सरकताना दिसले की तो ऑपरेटरला सांगतो, डाय बघ. ही रीत अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडली. १९४७-४८ मध्ये ते भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या बोलावण्यावरून भारतातही आले होते. आलेख कागदावरच निघतो, पण त्यामुळं माल भंगारात जाण्यापासून वाचतो. अडचण एवढीच की न झालेलं नुकसान ताळेबंदात दिसत नाही. ज्या कारखान्यात क्यूसीवाला उत्पादनप्रमुखाच्याच हाताखाली असतो, तिथं ‘होल्ड’ फार टिकत नाही, असं माझं मत आहे. संरक्षण उत्पादनात तपासणीसाठी गुणवत्ता हमी महासंचालनालय ही वेगळी यंत्रणा ठेवली आहे, ती उगाच नाही.

आता क्यूसीवाल्याच्या हाताबाहेरचं. ठिबकच्या ड्रीपरचे नमुने ठरलेल्या दाबाला लावून प्रत्येकातून तासाला किती पाणी पडतं ते मोजतात आणि त्यांच्यातली तफावत पाहतात. रावेर-यावलच्या केळीबागेत वर्षभरानं तेच ड्रीपर क्षारांनी बुजले, तर तो बहुधा विहिरीच्या पाण्याचा, न धुतलेल्या फिल्टरचा आणि न केलेल्या आम्लप्रक्रियेचा प्रश्न असतो. पाईप मात्र कामाच्या दाबाच्या आत असताना उभा चिरला तर तक्रार जरूर करावी. तेव्हा फुटका तुकडा फेकू नये आणि छपाई असलेला भाग कापून ठेवावा. त्या ओळीत माप, दाबाचा वर्ग, परवाना क्रमांक आणि बॅच असते. बॅच कळली की तो पाईप कोणत्या पाळीत निघाला आणि त्या तासाला जाडी किती लिहिली होती, हे कारखान्याच्या वहीत शोधता येतं.