कपाटातली काच आणि बाभळीचा काटा

गिरगावातल्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे दारावर तशी पाटी होती. आत भिंतीला लागून शिसवी कपाटं, कपाटांना कुलपं आणि किल्ल्यांचा जुडगा सरांच्या खिशात. काचेतून सगळं दिसायचं: गोल बुडाचे चंबू, परीक्षानळ्यांचं स्टँड, वजनांची पेटी, एक पितळी सूक्ष्मदर्शक. दहावीपर्यंत त्या सूक्ष्मदर्शकाला मी दोनदा डोळा लावला आणि दोन्ही वेळा मला माझ्याच पापण्या दिसल्या. तिसऱ्यांदा बघायला मिळालं असतं तर कदाचित कांद्याची पेशीही दिसली असती.

सर वाईट नव्हते. त्यांच्या मानेवर डेडस्टॉक होतं. ज्यांच्या घरी कुणी शिक्षक आहे त्यांना हे रजिस्टर सांगायला नको. शाळेच्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची त्यात नोंद असते. वस्तू फुटली की खुलासा, मग निर्लेखनाचा प्रस्ताव, मग तपासणीला आलेल्या साहेबांचा प्रश्न. त्यापेक्षा कुलूप बरं.

म्हणून 'स्वस्त साहित्यातून विज्ञान' म्हटलं की लोक आधी पैशाचा हिशेब मांडतात, तो मला अपुरा वाटतो. परीक्षानळी काही सोन्याची नसते. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं काचसामान विकणाऱ्या दुकानांत जाऊन विचारा, ती मुळीच महाग नाही. पण ती एकदा रजिस्टरात चढली की मुलाच्या हातातून गेली. बाभळीचा काटा डेडस्टॉकला चढत नाही.

काट्याचं उदाहरण मनचं नाही. 1972 साली मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. किशोर भारतीचे अनिल सदगोपाल आधी आपल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संशोधन सोडून ते खेड्यात गेले. फूल उकलून त्याचे भाग वेगळे करायचे तर सुई लागते. चाळीस मुलांना चाळीस सुया कुठून आणणार? शाळेमागे बाभूळ होती. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या परीक्षानळीच्या जागी आल्या. प्रश्न पडला की मुलं 'सवालीराम' नावाच्या कुणा काल्पनिक गृहस्थांना पत्र लिहीत, आणि उत्तर येई. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला मुभा होती, कारण पाठ केलेलं विचारायचंच नव्हतं. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर गेला. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबते, हेही आपल्याकडे शिकण्यासारखंच आहे म्हणा.

1978 मध्येच टेल्कोतला एक तरुण इंजिनिअर वर्षभराची रजा काढून होशंगाबादला गेला. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरची पदवी खिशात आणि पुण्याच्या कारखान्यात ट्रकचं काम. तिथल्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्वला लागणारी बारीक रबरी नळी दिसली. त्या नळीचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा कापायचा, दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसायची, की झाला सांधा. चार काड्या जोडून चौकोन केला तर तो बोटाने ढकलताच कलतो, पतंगासारखा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र ढकला, दाबा, हलत नाही.

हे करून पाहिलेलं मूल पुढे ऑगस्टमध्ये लालबागला मंडप उभा राहताना बघतं, तेव्हा त्याला आडव्या-उभ्या बांबूंमध्ये तिरपा बांधलेला बांबू दिसतो. तो कशासाठी, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. परळच्या उरल्यासुरल्या गिरण्यांच्या छपरांखालच्या लोखंडी कैच्या, रेल्वेचा जुना पूल, सगळीकडे तोच त्रिकोण. मंडपवाल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्याच्या ज्ञानाचा आणि शाळेतल्या भूमितीचा परिचय करून द्यायला दीड पेराएवढी रबरी नळी पुरली.

गुप्तांचं काड्यांच्या खेळण्यांचं पुस्तक 1987 मध्ये आलं आणि कितीतरी भारतीय भाषांत गेलं. पुढे 2003 पासून अकरा वर्षं ते पुण्याला आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या, मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात होते. 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' म्हणून आपण ते ओळखतो. त्या वास्तूचं नाव 'पुलस्त्य' आहे, आणि त्यात पु. ल. देशपांड्यांचं नाव आणि त्यांच्या प्रतिष्ठानचा पैसा दोन्ही आहे. गावदेवीच्या चाळीत जन्मलेल्या माणसाच्या नावाच्या घरात मुलं कचऱ्यातून पंप बनवतात, हे पुलंना आवडलं असतं.

गावदेवीवरून आठवलं. तिथून चालत पाच मिनिटांवर नाना चौक आहे. वर तो गोल स्कायवॉक, खाली ग्रँट रोड स्टेशनकडे धावणारी माणसं. या चौकातल्या महापालिकेच्या शाळेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा संसार सुरू झाला, हे तिथून रोज जाणाऱ्यांतल्या फार कमी जणांना ठाऊक असेल. 1974 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर, हे केंद्र काढलं. आज त्याची मोठी वास्तू मानखुर्दला आहे, पण सुरुवात नाना चौकातली. संस्थापक संचालक होते प्रा. व्ही. जी. कुलकर्णी, मूळचे पदार्थवैज्ञानिक. त्याआधी ते आणि प्रा. भा. मा. उदगावकर महापालिकेच्या शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम करत होतेच. कुलाब्याचे शास्त्रज्ञ आणि पालिकेच्या शाळेचे गुरुजी एका बाकावर बसून सहावीचा धडा चाळताहेत, हे दृश्य आज कल्पनेत आणायला जरा जोर करावा लागतो.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राची मंडळी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला गेली. रावेर तालुका, केळीचा मुलूख. तिथल्या ग्रामीण शाळांतलं विज्ञान सुधारायचं होतं, ते शिक्षकांना हाताशी धरून आणि जवळपास मिळणाऱ्या वस्तू वापरून. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतच, महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींबरोबर तीन वर्षं काम झालं आणि दहावीत त्या मुलांनी आपल्या शाळांच्या नेहमीच्या निकालाच्या पुष्कळ वर मजल मारली.

या सगळ्या उद्योगात केंद्राच्या हाती एक गोष्ट लागली, ती साहित्याच्या किमतीपेक्षा मला मोलाची वाटते. मुलं विज्ञानात अडत होती त्याचं एक मोठं कारण विज्ञान नव्हतंच, पुस्तकाची भाषा होती. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्यांची मराठी सोपी करून पाहिली. आशय तोच, वाक्यं लहान, शब्द ओळखीचे. आकलन सुधारलं.

यात नवल काय, असं वाटेल. पण 'पाण्याचे बाष्पीभवन होते' हे वाक्य वाळवणाच्या अंगणात वाढलेल्या पोरीला परकं वाटतं, याचा विचार पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. तिला कुरडया किती वेळात वाळतात हे ठाऊक असतं. ऊन असलं आणि वारा पडला तर संध्याकाळपर्यंत आतून ओल्या राहतात, हेही ठाऊक असतं. म्हणजे बाष्पीभवनाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो याचं निम्मं उत्तर तिच्याकडे आहे. ती ते देत नाही, कारण प्रश्न आपल्याला विचारलाय हेच तिला कळत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीच परकी करून दाखवण्याची किमया आपल्या पाठ्यपुस्तकांनी केली, असं मी म्हणेन. त्यापुढे फुटक्या परीक्षानळीचा खर्च काहीच नाही.

आणि भाषा सोपी करण्याचं हे काम घडलं ते कुठे, तर नाना शंकरशेटांच्या नावाच्या चौकात. 1840च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवं म्हणून हटून बसले होते. कर्नल जर्व्हिस यांच्यासह शंकरशेटांनी देशी भाषांची बाजू घेतली. लोकांपर्यंत ज्ञान पोचायचं तर लोकांच्या भाषेतून, एवढं साधं म्हणणं. त्याला आता पावणेदोनशे वर्षं होऊन गेली.

स्वस्त साहित्याच्या नावावर खपणाऱ्या सगळ्याच प्रयोगांचं मी कौतुक करणार नाही. त्यांतलाही एक प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चुकीचा शिकवला जातो. थाळीत पाणी, पाण्यात पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. शिक्षक सांगतात, 'ऑक्सिजन जळला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणून पाणीही तेवढंच चढलं.' मीही हेच पाठ केलं होतं.

मागच्या दिवाळीत चाळीच्या गॅलरीत भाची आणि शेजारची दोन पोरं घेऊन बसलो. स्टीलची थाळी, पाण्यात चिमूटभर कुंकू, पणत्यांसोबत उरलेल्या मेणबत्त्या. पाणी चढलं. मी एक पंचमांशाचं भाषण ठोकलं. भाची म्हणाली, "मामा, आता तीन लावू या." तीन लावल्या. पाणी पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेलं. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. मग जास्त पाणी कुठून चढलं?

पुन्हा केलं, आणि या वेळी खाली वाकून बघितलं. पेला ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडत होते. ज्योत जळत होती तोवर पाणी जवळजवळ हललं नाही. ती विझल्यावर मात्र ते भराभर वर सरकलं. म्हणजे ज्योतीने हवा तापवली, तापलेली हवा फुगली, थोडी निसटून गेली. विझल्यावर उरलेली हवा निवली, आक्रसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं. मुळात पेल्यातला ऑक्सिजन पूर्ण संपण्याच्या आतच ज्योत विझलेली असते. जो जळतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, ती वेगळीच.

हा प्रयोग कपाटातल्या साहित्यावर असता तर एकदाच दाखवला गेला असता, टेबलामागून, आणि एक पंचमांश वहीत उतरला असता. आम्ही त्या संध्याकाळी तो सात-आठ वेळा केला. एक पेला तडकला. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या. खुलासा कुणी मागितला नाही.

शेवटी शेजारच्या छोट्याने विचारलं, "काका, मग मेणबत्ती कशाला लागते?" मला पटकन कळलं नाही. तो आत गेला, आजीच्या चहाच्या आधणातलं गरम पाणी दुसऱ्या पेल्यात घेऊन आला, ते गॅलरीतून खाली कुणाच्या डोक्यावर पडणार नाही असं बघून ओतलं आणि वाफाळलेला पेला थाळीत उपडा घातला. आम्ही चौघंही फरशीवर पालथे पडून बघत राहिलो. लाल रेघ काचेच्या आतून हळूहळू वर सरकू लागली.