विश्लेषण : सैन्यदलातील जवान ते आशियाई विजेता… अविनाश साबळेची कारकीर्द का महत्त्वाची? पुनरागमन किती आव्हानात्मक?

भारताचा अव्वल स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील डायमंड लीग शर्यतीत पाण्याच्या अडथळ्याजवळ पडला. गुडघ्याच्या दुखापतीवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याच वर्षी टोक्योत झालेल्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावे लागले. त्याआधी दीडच महिन्यापूर्वी, मे महिन्यात त्याने दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले होते. बीडच्या या धावपटूने आजवर काय कमावले आणि पुढची वाट किती खडतर आहे, याचा आढावा.

स्टीपलचेस शर्यत नेमकी कशी असते?

तीन हजार मीटरच्या या शर्यतीत धावपटूला २८ अडथळे आणि सात पाण्याचे अडथळे पार करावे लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. साध्या अडथळा शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा होतो. येथे लाकडी ओंडक्यासारखा जड अडथळा जागचा हलत नाही, धावपटूच पडतो. पाण्याच्या अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो. थकलेल्या पायांनी, गर्दीत आणि ओल्या बुटांनिशी वेग टिकवणे हीच खरी कसोटी. रामदासपेठेतल्या रस्त्यांवर पहाटे धावून मॅरेथॉनची तयारी करता येते, स्टीपलचेसची नाही. त्यासाठी पाण्याचा खड्डा असलेले मैदान आणि तंत्र जाणणारा प्रशिक्षक लागतो.

अविनाश या शर्यतीकडे कसा वळला?

अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा येथे झाला. आईवडील शेती आणि वीटभट्टीवर काम करणारे. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर आणि गाडीची सोय नाही, त्यामुळे चालत-धावत शाळा गाठणे रोजचेच होते. बारावीनंतर तो सैन्यदलाच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचिन, राजस्थान आणि सिक्कीम येथे त्याने सेवा बजावली. २०१५ मध्ये सैन्यदलाच्या क्रॉस कंट्री स्पर्धेतून तो धावण्याकडे वळला आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सल्ल्याने त्याने स्टीपलचेस निवडली. तेव्हा तो २२-२३ वर्षांचा होता. इतर देशांतील अनेक धावपटू या वयात जागतिक स्पर्धेत उतरलेले असतात.

राष्ट्रीय विक्रम किती वेळा मोडला?

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला होता. अविनाशने २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देत ३७ वर्षांनी तो मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत राहिला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ०९.९१ सेकंद अशी वेळ नोंदवली. म्हणजे सहा वर्षांत जवळपास २० सेकंदांची सुधारणा. अडथळे पार करत असतानाही प्रत्येक ४०० मीटरसाठी त्याला सरासरी ६५ सेकंदांच्या आसपासच वेळ लागला.

राष्ट्रकुल रौप्यपदकाचे महत्त्व काय?

१९९८ ते २०१८ या काळातील सहा राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या स्टीपलचेसमधील सर्वच्या सर्व १८ पदके केनियाने जिंकली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे अविनाशने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळेसह रौप्यपदक मिळवत ही मक्तेदारी मोडली. केनियाच्या अब्राहम किबिवोटने त्याला केवळ ०.०५ सेकंदाने मागे टाकले. शर्यतीच्या सरासरी वेगाने मोजले तर हे अंतर जेमतेम फूटभर भरते. पुढच्या वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंद या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण, तर पाच हजार मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले.

ऑलिम्पिकमध्ये काय घडले?

टोक्यो ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक प्राथमिक शर्यतीतील पहिले तीन आणि उर्वरितांतील सर्वांत वेगवान सहा धावपटू अंतिम फेरीत जाणार होते. अविनाशने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी वेगवान गटात तो सातवा आला आणि बाहेर पडला. दुसऱ्या एका गटाचा विजेता त्याच्यापेक्षा कमी वेगाने धावूनही पात्र ठरला. पॅरिसमध्ये नियम बदलले होते. वेळेला महत्त्व नव्हते, प्रत्येक गटातील पहिले पाच पुढे जाणार होते. अविनाश बरोबर पाचवा आला. स्टीपलचेसची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. अंतिम शर्यतीत तो ११ वा आला. महिलांमध्ये साताऱ्याच्या ललिता बाबरने २०१६ मध्ये रिओत अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळवले होते. म्हणजे या शर्यतीत ऑलिम्पिक अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेले हे दोघेही महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागांतले.

पुढचे आव्हान किती मोठे?

लमेचा गिर्माचा विश्वविक्रम ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा आहे. अविनाशच्या सर्वोत्तम वेळेशी तुलना केली, तर विक्रमवीराने अंतिम रेषा ओलांडली तेव्हा तो शंभर मीटरहून अधिक मागे असता. ही दरी दुखापतीपूर्वीही होती. आता गुडघ्याचा प्रश्न वेगळाच. अडथळ्यावरून पाण्यात उतरताना शरीराचा भार एका पायावर येतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पायात ताकद आणणे पुरेसे नाही. निर्धास्तपणे झेपावण्याचा विश्वासही परत यावा लागतो. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या वेळी २०२८ मध्ये तो ३४ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर असेल.

मात्र खरा प्रश्न एकट्या अविनाशचा नाही. सैन्यात भरती झाली नसती, क्रॉस कंट्रीत कुणाच्या नजरेत भरला नसता, तर मांडव्याचा हा मुलगा स्टीपलचेसपर्यंत पोहोचला असता का? रोज सहा किलोमीटर धावत शाळेत जाणारी मुले महाराष्ट्रात आजही आहेत. त्यांना बाविसाव्या नव्हे, चौदाव्या वर्षी हेरणारी व्यवस्था उभी राहिली, तर ०.०५ सेकंदाचे अंतर पुढच्या पिढीला भरून काढता येईल.