गायकवाडी गीर : सफारीला निघण्यापूर्वी

बडोद्यातील रावपुऱ्याच्या मराठी घरांत दिवाळीच्या सुटीचे बेत आखले जाऊ लागले की, एक नाव हमखास निघते : गीर. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात, 1879 मध्ये खुल्या झालेल्या कमाटीबागेतील प्राणिसंग्रहालय या शहरातील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले. पिंजऱ्यातला सिंह पाहून झाला की, मोकळ्या रानातला सिंह पाहावा, ही पुढची इच्छा. आफ्रिकेबाहेर ती पुरी होण्याची जगात एकच जागा उरली आहे आणि ती गुजरातेतच, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला आहे. कोकण रेल्वेने बडोदे, अहमदाबादमार्गे सौराष्ट्रात जाणाऱ्या गोमंतकीय पर्यटकांच्या यादीतही गीर असतेच.

प्रवास मात्र लांबचा आहे. बडोद्याहून सासण गीर रस्त्याने 400 किलोमीटरहून अधिक पडते. रात्रीची रेल्वे जुनागढ किंवा वेरावळला सोडते. तेथून सासण अनुक्रमे सुमारे 60 आणि 40 किलोमीटर. एवढी पायपीट करून तीन तासांच्या फेरीत सिंह दिसला नाही, तर मंडळी हिरमुसून परततात. ही निराशा बहुधा रानाची नसते. रान काय आहे आणि सफारीचे नियम तसेच का आहेत, हे ठाऊक नसल्याची असते.

रानाचा अर्धविसरलेला इतिहास

गीर म्हटले की जुनागढचे नवाब आठवतात, आणि ते रास्तच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर भारतातून सिंह नाहीसा झाला होता. जे मूठभर उरले ते गीरमध्ये, आणि त्यांच्या शिकारीला नवाबांनी आवर घातला. परंतु संपूर्ण गीर नवाबांचे नव्हते. धारी, खांभा आणि कोडीनार हे मुलूख बडोदे संस्थानाच्या अमरेली प्रांतात मोडत. या बाजूचे रान ‘गायकवाडी गीर’ म्हणून ओळखले जाई. त्याचा कारभार बडोद्याच्या कचेऱ्यांतून चाले, आणि या संस्थानाच्या दप्तरात मराठीचे मोठे स्थान होते. रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील जुन्या कारकुनी घराण्यांना अमरेली, धारी ही नावे बदलीची गावे म्हणून परिचित होती.

हद्द नकाशावर होती. सिंहाला ती ठाऊक नव्हती. नवाबांच्या हद्दीत अभय मिळालेला सिंह ओढा ओलांडून पलीकडे गेला की, त्याचे संरक्षण संपण्याची भीती असे. 1949 मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण एका प्राण्यासाठी दोन कारभार असण्याचा हा धोका 1956 मध्ये सौराष्ट्र राज्यही मुंबई राज्यात विलीन झाल्यावरच संपला. पुढे 1965 मध्ये गीरला अभयारण्याचा आणि 1975 मध्ये त्यातील मध्यवर्ती भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या इतिहासाचा शेवट मोठा अनपेक्षित आहे. 2025 च्या गणनेत सिंहांची संख्या 891 नोंदली गेली आणि त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे तीनशेहून अधिक, सिंह अमरेली जिल्ह्यात आढळले. आजचा जिल्हा आणि गायकवाडांचा प्रांत यांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. तरीही जो मुलूख एके काळी सिंहासाठी परका मानला जाई, तोच आज त्याचे सर्वांत मोठे घर झाला आहे.

सफारी राष्ट्रीय उद्यानात जात नाही

गीरचे संरक्षित क्षेत्र सुमारे 1,412 चौरस किलोमीटर आहे. त्यातील सुमारे 259 चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे राष्ट्रीय उद्यान; उरलेले अभयारण्य. पर्यटक बोलताना ‘गीर नॅशनल पार्क पाहिले’ असे सहज म्हणतात. प्रत्यक्षात त्या गाभ्यात पर्यटनाला मज्जाव आहे. सफारीचे मार्ग सासणच्या आसपास, अभयारण्याच्या पश्चिम भागात आखलेले आहेत. रानाचा थोडासा तुकडा पाहुण्यांसाठी आणि बाकीचे सारे प्राण्यांसाठी, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब समजला की, पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. खासगी मोटार आत नेता येत नाही. वनखात्याच्या परवान्यावर, नोंदणीकृत उघड्या जीपमधून, सोबत मार्गदर्शक घेऊनच जावे लागते. दिवसातून तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी सुमारे तीन तासांची असते. एका वेळी किती गाड्या सोडायच्या, याला मर्यादा आहे. कोणता मार्ग वाट्याला येईल, हे पर्यटक ठरवत नाही. त्यामुळे ‘सिंहाचा रस्ता’ मागून मिळत नाही. गाडीतून उतरणे, हाका मारणे, खाद्यपदार्थ टाकणे यांस सक्त मनाई आहे.

परवाना वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून आगाऊ घ्यावा. आरक्षण सुमारे तीन महिने आधी खुले होते आणि दिवाळी, नाताळ व शनिवार-रविवारचे परवाने लवकर संपतात. म्हणून दिवाळीची आखणी गणेशचतुर्थीच्या आधीच करावी लागते. परवान्यावर नोंदवलेले मूळ ओळखपत्र जवळ नसेल, तर सासणला पोहोचूनही प्रवेश मिळत नाही. शक्य असेल तर मधल्या वारांची एक सकाळची आणि एक दुपारची अशा दोन फेऱ्या घ्याव्यात. सिंह दिवसाचे 18 ते 20 तास विसावलेला असतो, हे ध्यानात घेतले तर एकाच फेरीवर सारी आशा ठेवणे किती अवघड आहे, ते कळते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी वाजते. गरम कपडे हवेतच.

ज्यांच्यासोबत लहान मुले वा वृद्ध आहेत, त्यांच्यासाठी सासणजवळ देवळिया येथे कुंपणबंद उद्यान आहे. तेथे थोडक्या वेळात सिंह दिसण्याची शक्यता बरीच अधिक असते. बुधवारी ते बंद असते. पूर्वेकडे, जुन्या गायकवाडी मुलखात, धारीजवळ शेत्रुंजी नदीवरील खोडियार धरणापाशी आंबरडी सफारी उद्यान आहे. सासणची गर्दी टाळू पाहणाऱ्यांना ते अधिक मानवते. दोन्ही ठिकाणी पाहायचे ते कुंपणातील रान, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे.

चार महिने दार बंद

दरवर्षी 16 जून ते 15 ऑक्टोबर या काळात गीरची रानातील सफारी बंद असते. पावसात कच्चे रस्ते चिखलात रुततात, हे त्याचे एक कारण. दुसरे, याच दिवसांत रान पुन्हा उभे राहते. एप्रिल-मे महिन्यांत गीर पानगळीने करडे, उघडे पडलेले असते. साग निष्पर्ण होतो आणि जनावरे पाणवठ्यांभोवती गोळा होतात. पहिल्या पावसानंतर गवत वाढते, चितळ-सांबरांना चारा मिळतो. हीच सिंहाची शिदोरी.

ऋतूनुसार दर्शनही बदलते. ऑक्टोबरअखेर रान हिरवेगार आणि देखणे असते, पण उंच गवतात सिंह दहा पावलांवर असूनही दिसत नाही. उन्हाळ्यात घाम निघतो, मात्र पाणवठ्यावर प्राणी दिसण्याचा संभव वाढतो. दिवाळीत जाणाऱ्याने सिंहापेक्षा रान पाहण्याची तयारी ठेवावी : हिरण नदीवरील कमलेश्वर जलाशयाच्या काठी ऊन खात पडलेल्या मगरी, चितळांचे कळप, वानरांचा इशारा, मोराची केका. विश्वामित्रीतल्या मगरी पाहत वाढलेल्या बडोदेकरांना कमलेश्वरच्या मगरींचे नवल कमी वाटेल. पण शहराच्या नाल्यातली मगर आणि तिच्या स्वतःच्या पाण्यातली मगर यांतला फरक तेथे कळतो.

‘सिंह दाखवतो’ म्हणणारा

परवाना मिळाला नाही, किंवा फेरीत सिंह दिसला नाही, की पर्यटकाला कुणीतरी गाठतो. रात्री शेताच्या बांधावर नेऊन सिंह ‘दाखवण्याचे’ आमिष दाखवले जाते. गुजरातेत या प्रकाराला ‘लायन शो’ असे नाव पडले आहे. जिवंत कोंबडी किंवा वासरू बांधून सिंहाला बोलावणे, हा त्याचा क्रूर भाग. सिंहाला माणसाच्या हातून भक्ष्य मिळण्याची सवय लागली की, तो वस्तीजवळ येण्यास कचरत नाही आणि मग एखाद्या गावकऱ्यावर हल्ला होतो. बाबरिया परिक्षेत्रात 2018 मध्ये उघडकीस आलेल्या अशा एका प्रकरणात 2021 मध्ये गीर गढडा येथील न्यायालयाने दोषींना तीन वर्षांपर्यंत कारावास सुनावला. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हा गुन्हा आहे आणि मौज म्हणून त्यात सामील झालेला पाहुणाही त्यातून सुटत नाही. ‘खात्रीने सिंह’ असे जो म्हणेल, त्याच्यासोबत जाऊ नये, एवढे साधे सूत्र पुरेसे आहे.

एकच रान, एकच धोका

सिंहांची वाढती संख्या ही निर्विवाद कमाई आहे. 1968 मध्ये नोंदलेली संख्या अवघी 177 होती. पण ही सारी प्रजा एकाच प्रदेशात आणि एकाच लहानशा वंशातून आलेली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2018 मध्ये याचा प्रत्यय आला. धारी तालुक्यातील दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत 20 हून अधिक सिंह मरण पावले. काहींच्या नमुन्यांत कुत्र्यांपासून पसरू शकणाऱ्या ‘कॅनाइन डिस्टेंपर’ या विषाणूचा संसर्ग आढळला. 1994 मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत याच विषाणूने तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. सेरेंगेटीबाहेरही आफ्रिकेत सिंह आहेत. आशियाई सिंहाला मात्र सौराष्ट्राबाहेर रान नाही.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवण्याचा आदेश दिला होता. ते स्थलांतर झाले नाही. 2022 मध्ये कुनोत नामिबियाहून आणलेले चित्ते आले. पोरबंदरजवळील बरडा अभयारण्यात सिंह आता वसू लागले आहेत. तथापि, तेही सौराष्ट्रातच आहे.

आज निम्म्याहून अधिक सिंह गीरच्या संरक्षित क्षेत्राबाहेर, शेते, महसुली जमिनी आणि नदीकाठ यांवर राहतात. ते टिकून आहेत ते तेथील माणसांमुळे. गीरचे मालधारी हे म्हशी-गाई पाळणारे लोक. त्यांच्या काटेरी कुंपणाच्या वस्तीला ‘नेस’ म्हणतात. 1972 नंतर शेकडो मालधारी कुटुंबांना रानाबाहेर वसवण्यात आले. त्यानंतर चितळांची संख्या वाढली आणि पाळीव जनावरांवर पोसलेला सिंह पुन्हा रानातली शिकार करू लागला. या यशाची किंमत त्या कुटुंबांनी मोजली. आजही सिंहाने जनावर मारले की, सरकारी भरपाई मिळते. पण पंचनामा होईपर्यंतचा संयम गोठ्याच्या मालकाचाच असतो. शेतातील उघड्या विहिरींत पडून सिंह मरत, म्हणून हजारो विहिरींना कठडे बांधले गेले.

गोव्याने काय पाहावे

गोव्यातील वाचकाला हा शेवटचा भाग अधिक जवळचा वाटावा. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतील गोळावली येथे, म्हादई अभयारण्यात, चार वाघ मृतावस्थेत सापडले. पाळीव जनावर गमावल्याच्या रागातून झालेल्या विषप्रयोगाचा हा प्रकार असल्याचे तपासात पुढे आले. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. रानाच्या सीमा कशा आखायच्या, हा त्या वादातील प्रश्न आहे. गोठ्यातील एक गाय गेली तर तिच्या मालकाकडे कोण आणि किती दिवसांत पोहोचते, हा प्रश्न त्याहून जुना आहे.

गीरला जाणाऱ्या गोमंतकीयाने सफारीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत धारीच्या रस्त्याने एक फेरफटका मारावा. शेतातल्या कठडा बांधलेल्या विहिरी पाहाव्यात, एखाद्या मालधाऱ्याला त्याच्या सवडीने दोन प्रश्न विचारावेत. सिंह दिसला नाही तरी, तो येथे का उरला आहे, हे तेथे कळते. आणि सत्तरीकडे परतताना तेवढे पुरे आहे.