एका नावाची दोन झाडं

भाद्रपद शुद्ध द्वितीया. सकाळचे साडेआठ. पुण्याच्या मंडईबाहेर पाय ठेवायला जागा नाही. रात्री पाऊस पडून गेलाय, डांबर अजून ओलं आहे आणि वर ऊन तापायला लागलंय. आघाडा, दूर्वा, चुरगळलेली तुळस, सगळ्यांचा वास गर्दीच्या घामात मिसळलाय. उद्या हरितालिका, परवा गणपती.

फुटपाथच्या कडेने बायका ओळीने बसल्यात. मुळशी-भोरकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या. पुढ्यात गोणपाट, गोणपाटावर हिरवे ढीग. एक हात वाटे लावतोय, दुसरा त्यांच्यावर पाणी शिंपडतोय. हरितालिकेला 16 पत्री लागतात, गणपतीला 21. जुडी सोडून पाहिली तर आठ-नऊ प्रकारांपुढे मोजणी जात नाही. कुणी मोजतही नाही.

"शमी आहे का हो मावशी?"

"हाये की. ही काय."

बारीक पानांची एक काटेरी डहाळी वर येते. शेजारच्या गोणपाटावरही शमीच आहे. तिचे काटे लांब, पानं आणखी बारीक. दोघी आपापल्या शमीवर ठाम. पोथीतली शमी म्हणजे सौंदड, राजस्थानातली खेजडी. कमी पावसाच्या कोरड्या मुलखातलं झाड. मुळशीच्या धो-धो पावसात ते सहज सापडायचं नाही. मग तिथल्या रानात जे काटेरी आणि बारीक पानांचं मिळतं, तेच शमी होऊन गाडीत बसतं. काकू पिशवी पुढे करतात. डहाळी आत जाते.

दोन पावलं पुढे विष्णुक्रांता. एका टोपलीत जमिनीलगत पसरणारं नाजूक रोपटं, नखाएवढी निळी फुलं. पलीकडच्या टोपलीत गोकर्णाचा वेल. त्याचं फूलही निळंच, पण चांगलं मोठं. नाव विचारलं की दोन्हीकडून तेच उत्तर येतं. हीच दोन्ही रोपं औषधाच्या बाजारात शंखपुष्पी म्हणूनही विकली जातात. तिथे त्यांना तिसरी भागीदारीण भेटते, आणि उत्तरेकडचे बरेच वैद्य त्या तिसरीलाच खरी शंखपुष्पी मानतात.

पुढे मालती. जुन्या कोशांत मालती म्हणजे जाई. इथे मात्र मधुमालतीचे झुबके आहेत. बंगल्यांच्या फाटकांवर चढणारा, संध्याकाळी पांढरा उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होणारा तो वेल. जाईशी त्याचं काही नातं नाही. दिसतो मात्र सुरेख, आणि लवकर संपतो.

कण्हेरीच्या ढिगाशी एक लहान मुलगा उकिडवा बसलाय. एका बाजूला गुलाबी फुलांची कण्हेर, दुसऱ्या बाजूला पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी. तिलाही लोक पिवळी कण्हेरच म्हणतात. मुलगा एक पान तोडतो, चीक बोटाला लागतो. आई त्याचा हात झटकन मागे ओढते. तिने बरोबर केलं. झाडं दोन असली तरी विषारी दोन्ही आहेत.

धोत्र्याचा वाटा त्याच गोणपाटावर आहे. पांढरं फूल, काटेरी फळ. पडीक जमिनीवर उगवणारा, काटेरी पानांचा पिवळा धोत्रा इथे नाही. त्याचं नाव तेवढं धोत्र्याचं, कूळ अफूचं. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांचं तेल मिसळलं गेलं. अंगावर सूज चढून 60हून अधिक माणसं दगावली, हजारो आजारी पडली.

ऊन आता डोक्यावर आलंय. महिनाभराने याच फुटपाथवर आपट्याचं सोनं येईल. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. त्यात कांचनाची मोठी, पातळ पानं सर्रास मिसळलेली असतील. वाटणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोन्ही सारखीच.

गर्दीतून वाट काढत काष्ठौषधींच्या दुकानाशी पोचावं. इथे सावली आहे, वारा नाही. फळीला टेकून माणसांची रांग उभी आहे. हातात चिठ्ठ्या. मागे छतापर्यंत डबे, खाली तोंडं उघडी ठेवलेली पोती. सुंठ, वेखंड, हिरडा. धुळीने नाक हुळहुळतं. खलबत्त्याचा आवाज थांबत नाही. पुढचा माणूस जराही हलत नाही.

"ब्राह्मी द्या पावशेर."

गल्ल्यावरचे आजोबा चष्म्यावरून बघतात. "कशाला पाहिजे?"

"तेलाला. केसांच्या."

आजोबा गोल, दंतुर कडांच्या वाळक्या पानांचा डबा काढतात. ही आपल्याकडची ब्राह्मी, संस्कृतातली मंडूकपर्णी. एकेक पान देठावर उभं राहतं आणि वेल ओलीतून सरपटत जातो. कोथिंबीर-गाजराच्या कुळातली. ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून केरळात जी देतात तिची पानं बारीक, लांबट, मांसल. फूल फिकट, पांढरट-निळसर. दोघी पाणथळीतल्या, दोघी बुद्धीसाठी दिल्या जाणाऱ्या. कूळ मात्र वेगळं, गुणांचा तपशील वेगळा.

रांग एका माणसाने पुढे सरकते. आता अशोकाची साल. हा घोळ जुना आहे. सोसायटीच्या भिंतीला लागून सरळसोट वाढणारा, नागमोडी कडांच्या लांब पानांचा तो आसुपालव, खोटा अशोक. औषधातला सीताअशोक बुटका, पसरलेला. त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ अंगभर लागतात. पानाफुलांनिशी उभं असताना पोरही ती दोन झाडं वेगळी ओळखेल. पोत्यात साल पडली की दोन्ही तपकिरीच.

चिराईत मागणाऱ्या बाईंनाही प्रश्न येतो. "काडे की पाले?" काडेचिराईत हिमालयातून उतरतं. पालेचिराईत म्हणजे आपल्याकडचं भुईकिराईत, अडुळशाच्या कुळातलं. बाई गोंधळतात. चिठ्ठीवर नुसतं 'चिराईत' आहे. दोन्ही कडूजहर, म्हणून चवीने निवाडा होत नाही. आजोबा चिठ्ठी परत देतात. "वैद्यांना विचारून या." मागची रांग कुरकुरते. बाई फोन काढून बाजूला होतात.

शेजारचं दुकान मसाल्याचं. इथे ठसका लागतो. नागकेशर मागितलं की पहिला प्रश्न रंगाचा. पिवळं नागाचाफ्याच्या फुलातलं. काळं दालचिनीच्या जातीतल्या झाडाची कोवळी फळं. तांबडं म्हणजे सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्या. नाव एक आणि झाडं तीन.

जिऱ्यांचा खण तर अख्खं गाव आहे. जिरं, शहाजिरं, काळं जिरं, कडू जिरं. पहिली दोन एका कुळातली सख्खी. कडू जिरं सूर्यफुलाच्या कुळातलं, जंतांवर देतात ते. कलौंजी तिसऱ्याच कुळातली. तिला कुणी काळं जिरं म्हणतं, कुणी कांद्याचं बी. कांद्याशी तिचा संबंध नाही. एक तरुण फोनवरची पाककृती वाचून काळं जिरं मागतो. दुकानदार त्याच्या तळहातावर तीन चिमट्या ठेवतो. "यातलं कुठलं?" तरुण वास घेतो, चाखतो, कडूला तोंड वाकडं करतो, कलौंजीवर बोट ठेवतो. सुटला.

गल्ल्यावर एका आयुर्वेदिक गोळ्यांची बाटली आहे. लेबलावर घटकांची यादी, प्रत्येक नावाशेजारी बारीक अक्षरात लॅटिन नाव. जिथे बाकोपा मोनिएरी लिहिलंय तिथे बारीक पानांची ब्राह्मी, जिथे सेंटेला एशियाटिका तिथे गोल पानांची. दोन शब्दांच्या नावांची ही रीत वनस्पतिशास्त्रात 1753 साली छापलेल्या ग्रंथापासून रुजली. मुळशीच्या मावशींना तिची गरज पडत नाही. त्यांच्या डोंगरावर त्यांची शमी एकच आहे, आणि तिथे ती खोटीही नाही. घोळ होतो तो डोंगर उतरल्यावर, दुसऱ्या डोंगरावरची शमी शेजारी येऊन बसते तेव्हा.

देवाला वाहायच्या पत्रीत हे सगळं चालून जातं. भक्ताने जे आणलं ते देव घेतो. पोट घेत नाही. म्हणून जे पान, साल किंवा बी पोटात जाणार आहे, ते नुसत्या नावावर घेऊ नका. वैद्यांकडून चिठ्ठीवर लॅटिन नाव लिहून घ्या. शक्य असेल तिथे पान आणि फूल डोळ्यांनी पाहा. आणि जो दुकानदार वजन करण्याआधी "कशाला पाहिजे?" विचारतो, त्याच्याकडेच जा. रांग मोठी असली तरी.