राखेचा दोर आणि विहिरीचे पाणी

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण सहज उच्चारतो; परंतु वेगाने बदलणाऱ्या आजच्या काळात त्या सोन्याची पारख करण्यास कोणापाशी उसंत उरलेली नाही. या संदर्भात जपानमधील एक लोककथा मननीय आहे.

एका राज्यात वृद्धांना निरुपयोगी ठरवून डोंगरावर सोडून देण्याची राजाज्ञा होती. एका शेतकऱ्याने आपल्या वृद्ध आईला पाठीवर घेतले, पण तिला सोडून येण्याचे धैर्य त्याला झाले नाही. त्याने तिला घरातच लपवून ठेवले. पुढे शेजारच्या बलाढ्य राजाने आव्हान दिले : राखेचा दोर वळून दाखवा, अन्यथा युद्धास सज्ज व्हा. दरबारातील सारे विद्वान हतबल झाले. म्हातारीने मात्र लेकाला सांगितले, “दोर घट्ट वळ, मिठाच्या पाण्यात भिजव, ताटात ठेव आणि मग जाळ.” दोर जळाला, पण त्याचा पीळ राखेत तसाच राहिला. राज्य वाचले आणि ती क्रूर आज्ञाही रद्द झाली. नागानो प्रांतातील कामुरिकी पर्वताला आजही या कथेवरून ‘ओबासुतेयामा’ असे संबोधले जाते.

या कथेचे एक मूळ भारतात आहे. पाचव्या शतकात चिनी भाषेत अनुवादित झालेल्या एका बौद्ध कथासंग्रहात वृद्धांना टाकून देणाऱ्या देशाची हकिकत येते. तेथे कोडे असते हत्तीचे वजन करण्याचे. लपवून ठेवलेला वृद्ध पिता युक्ती सांगतो : हत्तीला नावेत उभे करा, पाण्याची रेघ आखा, मग तेवढीच नाव बुडेपर्यंत दगड भरा आणि ते तोला. मराठी वाचकांना ही युक्ती परिचित वाटेल. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर मुरार जगदेवांनी केलेल्या तुलादानाच्या वेळी शहाजीराजांनी हत्ती असाच तोलला आणि नांगरगावचे तुळापूर झाले, असे सांगितले जाते.

याच शहाजीराजांकडे इ. स. १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर आली. हे शहर मोठ्या नदीच्या काठी नाही. त्याची तहान पूर्वजांनी बांधलेल्या तलावांनी व विहिरींनी भागवली. नळ आले आणि ते शहाणपण अडगळीत पडले. धर्मांबुधी तलावाच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडागार उभे राहिले. पाणी सुमारे १०० किलोमीटरवरील कावेरीतून उपसून चढावर आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या, तेव्हा टँकरची वाट पाहणाऱ्या या संगणकनगरीपुढे जणू राखेच्या दोराचेच कोडे उभे राहिले.

त्याच्या उत्तराचा एक भाग शहरातच होता. मण्णु वड्डर, म्हणजे आपल्याकडील माती वडार, पिढ्यान् पिढ्या हाताने विहिरी खणत आले आहेत. मातीचा रंग व ओल पाहून पाणी कोठे मुरेल, कडा कोठे ढासळेल, हे त्यांच्यातील जाणती मंडळी ओळखतात. हे ज्ञान कोणत्याही पदविकेत मिळत नाही. ते बापाकडून लेकाकडे येते. काम मिळेनासे झाले तर एका पिढीतच ते लोप पावेल. ‘बायोम’ या संस्थेने २०१५ मध्ये दहा लाख विहिरींचा संकल्प मांडून याच हातांना पुन्हा काम मिळवून दिले. कब्बन पार्कमधील जुन्या विहिरी गाळ काढून जिवंत करण्यात आल्या, तर पावसाचे पाणी मुरविणाऱ्या नव्या विहिरी घरांच्या आवारात खणल्या गेल्या.

विहिरींनी कावेरीची गरज संपणार नाही, हेही तितकेच खरे. म्हातारीने युक्ती सांगितली, पण दोर वळला तो तरुण हातांनी. अनुभव आणि उमेद यांचे हे संयुक्त खाते आहे. दोघांपैकी एकानेही व्यवहार थांबवला, तर ते निष्क्रिय होते.

दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक शाखेत येतात. ही व्यक्ती हयात आहे, एवढेच तो कागद सांगतो. तिच्यापाशी कोणती ठेव आहे, हे मात्र आपणच आपुलकीने विचारावयास हवे. शाखेत आणि त्याहीपूर्वी आपल्या घरात.