विहिरीचे पाणी आणि हॅलोजनांची चढाओढ

पावसाळ्यात गावोगाव पिण्याच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली जाते. ती किती टाकावी हे मात्र पुष्कळदा हाताच्या अंदाजानेच ठरते, आणि चूक होते ती तेथेच.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन या मूलद्रव्यांच्या गटास हॅलोजन म्हणतात. त्यांच्या अणूच्या बाह्य कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात व आठवा मिळविण्याची त्यांची धडपड असते. अणू जितका लहान, तितकी ही ओढ सामान्यतः प्रबळ. फ्लोरीन तर असा उग्र, की १८८६ मध्ये मोआसाँ यांनी तो वेगळा करीपर्यंत त्याच्या मागे लागलेले कित्येक रसायनशास्त्रज्ञ जायबंदी झाले. आयोडीन त्यामानाने सौम्य. म्हणूनच तो जखमेवर लावता येतो.

क्लोरीनचे स्थान या दोहोंच्या मधले. पटकीचा जंतू आणि कुजका पालापाचोळा यांत तो भेद करीत नाही. जे भेटेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिरावून घेतो आणि स्वतः निष्क्रिय क्लोराइड होऊन बसतो. गढूळ पाण्यात म्हणूनच नेहमीची मात्रा जंतूंपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडते. पावडरही उघड्या पोत्यात टिकत नाही. ताज्या पावडरमधील सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन ऊन, हवा व दमटपणा यांमुळे झपाट्याने घटतो.

मात्रा ठरविण्यासाठी हॉरॉक्स उपकरण वापरतात. दोन ग्रॅम पावडरचे द्रावण काळ्या पेल्यात करून, विहिरीच्या पाण्याने भरलेल्या सहा पांढऱ्या पेल्यांत ते क्रमाने एक ते सहा थेंब घालतात. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्च व आयोडाइड यांच्या द्रावणाचे तीन थेंब टाकतात. क्लोरीन शिल्लक असेल, तर तो आयोडाइडचा इलेक्ट्रॉन हिसकावतो. मुक्त झालेल्या आयोडीनमुळे स्टार्च निळा होतो. थोरल्या भावाने धाकट्याला जागेवरून उठवावे, तसाच हा प्रकार! निळा रंग प्रथम तिसऱ्या पेल्यात उमटला, तर ४५५ लिटर पाण्यास तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर लागते. सहाही पेले कोरे राहिले, तर पावडर निकामी झाली आहे किंवा पाणी फारच दूषित आहे असे समजावे.

मोजलेली पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा. वरचे निवळ द्रावणच विहिरीत सोडावे आणि त्यानंतर तासभर पाणी भरू नये. तासानंतरही दर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे.