औषधाची चिठ्ठी आणि घरखर्च

घरातील औषधांचा खर्च केवळ आजारावर ठरत नाही. तो शासनाच्या धोरणावरही ठरतो. १९७९ साली ३४७ औषधद्रव्यांच्या किमतींवर सरकारी नियंत्रण होते. १९८७ मध्ये ही संख्या १४२ वर, तर १९९५ मध्ये पंचाहत्तरच्या आसपास आली. २०१३ पासून अत्यावश्यक औषधांना पुन्हा कमाल किंमत ठरली. परंतु सरकारी रुग्णालयांवरील खर्च अपुराच राहिला. शासनाने उतरवलेले ओझे असे कुटुंबाच्या खांद्यावर आले. मग आजोबा रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेऊ लागतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून गोळी परस्पर कमी करू नका. खर्च झेपत नसल्याचे डॉक्टरांना निःसंकोच सांगा आणि जनऔषधी केंद्रात मिळणारे त्याच घटकाचे स्वस्त औषध लिहून मागा.